जुनी नळी, नवे काडतूस

गिरण्यांच्या आणि चादरींच्या या गावात पाणपक्ष्यांच्या शिकारीच्या बंदुकांवर बोलावयास आम्ही उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. पण सोलापूर हे तळ्यांचेही गाव आहे. सात रस्त्यावरून विजापूरच्या वाटेला लागले की कंबर तलाव. गावाच्या पोटात सिद्धेश्वराचा. आणि तुळजापूरच्या रस्त्याने गेले की हिप्परग्याजवळ अदिला नदी अडवून 1871 मध्ये पुरा केलेला एकरुख तलाव. हा शेवटचा तलाव शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. पण पाणी दिसले की हिवाळ्यात उत्तरेकडची बदके उतरतात, आणि बदके उतरली की त्यांच्या मागे बंदूक येते.

1878 साल या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी डेव्हिडसन आणि वेंडन या दोघा इंग्रजांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. त्या काळी पक्षी नीट ओळखावयाचा तर तो आधी पाडावा लागे; म्हणजे आपल्याकडील पक्षिविद्येची पहिली लेखणी हीही एका अर्थी बंदूकच होती. आणि त्याच वर्षी लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्रांचा कायदा केला. हिंदी माणसाला परवाना आवश्यक झाला, युरोपियनांस त्यातून सूट मिळाली. बंदुकीची कोणती बाजू आपल्या वाट्याला आली, हे 1930 च्या मे महिन्यातील मार्शल लॉ पाहिलेल्या गावाला सांगावयास नको.

आता मूळ वस्तूकडे येऊ. ‘बारा बोअर’ हा शब्द आपण सर्वांनी ऐकलेला असतो, त्याचा अर्थ मात्र फार थोडे सांगू शकतात. एक रत्तल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. म्हणून आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. बारा बोअरची नळी साडेअठरा मिलिमीटरांची, तर आठ बोअरची एकवीसच्या वर. बारा बोअरची दुनळी तीन किलोच्या आसपास भरते. आठ बोअरची सहा किलोंच्या घरात जाते, कधी त्याहूनही पुढे.

एवढे ओझे कशासाठी? पुष्कळांचा समज असा की मोठ्या नळीतून छर्रा अधिक वेगाने जातो. तसे नाही. मोठ्या नळीतून अधिक छर्रे, आणि तेही जाड छर्रे, दाट थव्याने पाठविता येतात. उघड्या पाण्यावर बदक माणसाला जवळ येऊ देत नाही. बारा बोअरचा भरवसा चाळीस यार्डांच्या आसपास संपतो, तिथून पुढे हे जड हत्यार काम करी. त्यात दोन औंस शिसे एका बारात उडे, आणि तो धक्का खांद्याला सोसावा म्हणून बंदूकच जड करीत. इंग्लंडच्या खाड्यांत तर होडीला बांधून उडविण्याच्या बंदुका होत्या. त्या खांद्याला लावण्याचा प्रश्नच नव्हता.

या बंदुका ज्या दारूसाठी घडविल्या ती काळी दारू: सोरा, कोळसा आणि गंधक. तिच्यातील निम्म्याहून अधिक भाग जळून धूर आणि काजळी होतो. 1860 नंतर शुल्ट्झची आणि पुढे इतरांची धूरविरहित दारू आली. आरंभीची नवी दारू मुद्दाम फुगीर बनविली होती, म्हणजे जुन्याच मापाने भरली तरी चाले. मागून आलेल्या घट्ट दारूंना ते माप लागू नव्हते, वजनाने निम्म्याहून कमी दारू पुरे होई. ज्यांनी जुन्या मापाने नवी घट्ट दारू भरली त्यांच्या नळ्या फुटल्या, कित्येकांची डाव्या हाताची बोटे गेली.

नळ्यांची घडणही ध्यानात घेतली पाहिजे. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या तापवून, पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, ठोकून सांधीत. त्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. हिला दमास्कस नळी म्हणत. ती दिसली की ‘फुटणारच’ असे सांगणारे लोक भेटतात. आमच्या मते हे अर्धे ज्ञान आहे. चांगल्या कारागिराची दमास्कस नळी नव्या दारूच्या परीक्षेतही टिकल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. खरा प्रश्न नक्षीचा नसून परीक्षेचा आहे.

लंडन व बर्मिंगहॅम येथे परीक्षागृहे आहेत. बर्मिंगहॅमचे 1813 मध्ये कायद्याने स्थापन झाले. विक्रीपूर्वी प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा अधिक भार भरून ती उडवीत आणि टिकली तरच शिक्का मारीत. 1896 पासून धूरविरहित दारूची निराळी परीक्षा आणि निराळा शिक्का आला. आम्ही कामगारांत वावरणारे. आम्हांला हे लगेच उमगते, कारण बॉयलरचे असेच असते. बॉयलरच्या कायद्याने निरीक्षक आला, दाबाची चाचणी आली, आणि किती दाबापर्यंत चालवावे याचा दाखला आला. मालकाने ‘आजवर काही झाले नाही’ म्हणून दाब वाढविला, तर मरतो तो भट्टीपाशी उभा असलेला माणूस. काळ्या दारूचा शिक्का असलेल्या नळीत नवे काडतूस घालणे हे त्याच जातीचे काम होय.

आणि शिक्काही जन्मभर पुरत नाही. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतील क्षार नळीत राहून गंज धरी. मग तो गंज घासून काढीत, म्हणजे नळीची भिंत आतून पातळ होई, आणि बाहेरून बंदूक देखणीच दिसे. दुसरी फसगत लांबीची. पुष्कळ जुन्या इंग्रजी बारा बोअरचे काडतुसाचे घर अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरांचे. आजचे सामान्य काडतूस 70 चे. बार उडाल्यावर उघडलेल्या काडतुसाची ही लांबी असते. मिटलेले काडतूस जुन्या घरात सहज शिरते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. बार होताच त्याचे तोंड पुढच्या अरुंद भागात उघडते, वाट आवळते आणि दाब चढतो.

या बंदुकांनी काय केले याचा हिशोब भरतपूरला दगडावर कोरलेला आहे. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत 4273 पक्षी पडले. पाहुणा, तारीख, आकडा सारे त्यावर आहे. पाण्यात उतरून मेलेली बदके गोळा करणाऱ्यांसाठी मात्र रकाना नाही.

1878 चा शस्त्रकायदा 1962 मध्ये गेला, 1959 चा लागू झाला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार परवान्यात बांधली, आणि 1991 च्या दुरुस्तीने तो परवानाही बंद केला. आज एकरुखवर बदकावर बार टाकणे हा गुन्हा आहे. याच सोलापुरात 1932 मध्ये जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी वनखात्यात राहून, बंदुकीवाचून, मराठीला पक्ष्यांची नावे पुरविली. 2025 मध्ये ते याच गावी वारले.

बंदुका मात्र घरोघरच्या परवान्यांवर राहिल्या, आणि परदेशांत जुन्या जड बंदुकांनी बदके मारण्याचा नाद अजून आहे. तिथे नवाच पेच पडला. बदके दाणा दळण्यासाठी खडे गिळतात, त्यांत तळाशी पडलेले शिशाचे छर्रेही गिळतात आणि विषाने मरतात. म्हणून अमेरिकेने 1991 मध्ये आणि इंग्लंडने 1999 मध्ये पाणपक्ष्यांसाठी शिसे बंद केले. पोलादी छर्रे आले. ते कठीण असल्याने जुन्या मऊ नळीला ओरखडतात, तोंडाशी आवळलेली नळी फुगवितात. जुन्या बंदुकांचे शौकीन म्हणून बिस्मथचे महाग छर्रे वापरतात. जोरदार पोलादी काडतुसांसाठी युरोपात वेगळी परीक्षा ठरविली आहे आणि तिची खूण म्हणून नळीवर लिलीचे फूल उमटवितात. एकरुखच्या काळात घडलेल्या नळीवर ते फूल असणार नाही.