‘करार’ : बायबलमधील एक शब्द

मराठी बायबलचे ‘जुना करार’ व ‘नवा करार’ असे दोन भाग आहेत. करार हा शब्द मूळचा अरबी. फारसीमार्गे तो मराठी व्यवहारात रुळला. व्यवहारातला करार एकाने मोडला, की दुसरा सहसा मोकळा होतो. हिब्रू ‘बरीथ’चे तसे नाही. इस्राएलने वचन मोडले तरी परमेश्वर आपल्या वचनाला जागतो. बेइमान पत्नीला पुन्हा घरी आणणाऱ्या होशेय संदेष्ट्याच्या कथेचा आशय हाच. या निष्ठायुक्त प्रेमास ‘हेसेद’ म्हणतात. ‘दया’ या रूढ प्रतिशब्दात त्यातील बांधिलकी हरवते. पंडिता रमाबाईंनी केडगावी संपूर्ण बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या, तेव्हा हे काम नुकतेच पुरे झाले होते.