प्रवेशानंतरचा उंबरठा : न्यूयॉर्क शहर विद्यापीठातील स्तरनिश्चिती चाचण्यांचा इतिहास (१९७०–२०२३)

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात दाखल झालेल्या विद्यार्थ्याने आपल्या अध्ययनास नेमकी कोठून सुरुवात करावी, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ प्रशासकीय स्वरूपाचा वाटतो. वेळापत्रक करणाऱ्या प्राध्यापकांनी तो सोडवावा आणि विसरून जावा, इतकाच त्याचा आवाका आहे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. प्रत्यक्षात उच्च शिक्षणाच्या इतिहासात या प्रश्नावरून मोठे संघर्ष घडले आहेत.

प्रवेश परीक्षा आणि स्तरनिश्चिती चाचणी या दोहोंमध्ये तत्त्वतः स्पष्ट भेद आहे. विद्यार्थ्याला आत घ्यावयाचे की नाही, हे पहिली ठरविते. आत घेतलेल्या विद्यार्थ्याला कोणत्या वर्गात बसवावयाचे, हे दुसरी ठरविते. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेण्यात आली. तेव्हापासून पहिल्या प्रकारच्या परीक्षेचा अनुभव आपणास भरपूर आहे. दुसऱ्या प्रकाराशी आपला परिचय त्या मानाने बेताचाच आहे. त्यामुळे हा दुसरा प्रकार जेथे मोठ्या प्रमाणावर राबविला गेला, त्या न्यूयॉर्क शहर विद्यापीठाचे उदाहरण अभ्यासण्याजोगे ठरते. तेथे चाचणीचे स्वरूप अर्धशतकात फारसे बदलले नाही; तिचा उपयोग मात्र आमूलाग्र बदलत गेला आणि चाचणीच्या चुकीची किंमत मोजण्याची पाळी दर वेळी विद्यार्थ्यावर आली, असे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका

अमेरिकेतील या प्रथेचे मूळ सामान्यतः हार्वर्ड येथे शोधले जाते. चार्ल्स एलियट हे अध्यक्ष असताना १८७४ मध्ये हार्वर्डने प्रवेशेच्छूंसाठी इंग्रजी निबंधलेखनाची अट घातली. शेक्सपिअर, गोल्डस्मिथ, स्कॉट यांच्या नेमलेल्या कृतींवर आधारित छोटा निबंध विद्यार्थ्याने शुद्धलेखन, विरामचिन्हे व व्याकरण सांभाळून लिहावा, अशी अपेक्षा होती. निकाल निराशाजनक लागले. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी बोलली जात होती आणि ज्यांना उत्तमोत्तम खाजगी शाळांतून तयार करण्यात आले होते, असे हे विद्यार्थी होते, ही बाब येथे मुद्दाम नोंदविली पाहिजे; कारण पुढे शंभर वर्षांनी 'पूर्वी असे विद्यार्थी येत नसत' हा युक्तिवाद न्यूयॉर्कमध्ये वारंवार ऐकू आला. १८९२ मध्ये हार्वर्डच्याच एका समितीने सगळा दोष माध्यमिक शाळांच्या माथी मारला. खालच्या पायरीवर दोष ढकलण्याची ही रीत तेव्हापासून आजतागायत अखंड चालत आली आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाने १८९८ पासून 'सब्जेक्ट ए' या नावाने अशीच एक अट लागू केली. तीत अनुत्तीर्ण होणाऱ्यास एक जादा वर्ग करावा लागे आणि त्याचे वेगळे शुल्कही भरावे लागे. विद्यार्थ्यांच्या बोलीत अशा वर्गाला 'मठ्ठांचे इंग्रजी' या अर्थाचे नाव पडले होते.

पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीसाठी बुद्धिमापन चाचण्यांचा सर्रास वापर झाला आणि युद्धानंतर ही तंत्रे विद्यापीठांत शिरली. १९२० च्या दशकात आयोवा विद्यापीठात तयार झालेल्या स्तरनिश्चिती परीक्षा या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. रसायनशास्त्र, गणित, इंग्रजी अशा प्रत्येक विषयासाठी तेथे दोन स्वतंत्र चाचण्या होत्या. विद्यार्थ्याने आजवर काय शिकले आहे, हे एक तपासे. त्याला तो विषय शिकण्याची कुवत कितपत आहे, हे दुसरी तपासे. संधी न मिळालेला विद्यार्थी आणि कुवत नसलेला विद्यार्थी यांत फरक करण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. कुवत अशी वेगळी काढून मोजता येते काय, हा वाद बाजूस ठेवला, तरी निदान प्रश्न तरी नीट विचारला गेला होता. पुढील काळातील बहुतेक चाचण्यांनी हा भेद सोडून दिला.

मुक्त प्रवेशाचा निर्णय

१८४७ मध्ये 'फ्री अकॅडमी' या नावाने स्थापन झालेले न्यूयॉर्कचे सिटी कॉलेज हे गरीब व स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचे विनाशुल्क महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध होते. तथापि प्रवेश गुणानुक्रमे मिळत असे आणि विसाव्या शतकाच्या मध्यास ही गुणमर्यादा बरीच वर गेली होती. महाविद्यालय हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत उभे असूनही वर्गांत त्या वस्तीतील मुले अत्यल्प होती. एप्रिल १९६९ मध्ये कृष्णवर्णीय व प्वेर्तो रिकन विद्यार्थ्यांनी दक्षिणेकडील परिसराचा ताबा घेतला. शहरातील माध्यमिक शाळांची जी सामाजिक रचना आहे, ती प्रवेशांत उमटावी, ही त्यांच्या मागण्यांतील प्रमुख मागणी होती. त्याच वर्षी शहराच्या उच्च शिक्षण मंडळाने निर्णय घेतला की, १९७० पासून शहरातील माध्यमिक शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकास विद्यापीठाच्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात जागा मिळेल. वास्तविक हे धोरण १९७५ साठी योजलेले होते. ते पाच वर्षे अलीकडे आणण्यात आले.

१९६९ मध्ये प्रथम वर्षात सुमारे २०,००० विद्यार्थी दाखल झाले होते. १९७० मध्ये ही संख्या सुमारे ३५,००० झाली. या धोरणाचा लाभ केवळ कृष्णवर्णीय व प्वेर्तो रिकन विद्यार्थ्यांनाच झाला, असा समज रूढ आहे. परंतु डेव्हिड लॅव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनावरून दिसते की, इटालियन व आयरिश वंशाच्या श्वेतवर्णीय कामगार कुटुंबांतील मुलांनीही या संधीचा मोठ्या प्रमाणावर लाभ घेतला.

दार उघडले गेले. आता चाचणी आवश्यक ठरली ती विद्यार्थ्याला आत आल्यावर कोठे बसवावे, हे ठरविण्यासाठी.

मिना शॉनेसी आणि चार हजार उत्तरपत्रिका

सिटी कॉलेजातील पायाभूत लेखनाच्या वर्गांची जबाबदारी मिना शॉनेसी यांच्याकडे होती. दक्षिण डकोटातील एका खाणगावात १९२४ मध्ये जन्मलेल्या या प्राध्यापिका १९६७ पासून येथे शिकवीत होत्या. नवागतांनी स्तरनिश्चितीसाठी लिहिलेले निबंध पहिल्यांदा समोर आले, तेव्हा त्यांच्यासह अनेक अध्यापक हतबुद्ध झाले. असे लेखन त्यांनी पूर्वी पाहिलेच नव्हते. अनेकांचा निष्कर्ष झटपट निघाला : ही मुले महाविद्यालयीन शिक्षणास अपात्र आहेत.

शॉनेसी यांनी मात्र ते निबंध जपून ठेवले आणि वाचले. १९७० ते १९७४ या काळातील सुमारे ४,००० निबंधांच्या आधारे त्यांनी 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हा ग्रंथ लिहिला. तो १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. हस्ताक्षर व विरामचिन्हे, वाक्यरचना, नेहमीच्या चुका, शब्दांचे लेखन, शब्दसंग्रह अशा क्रमाने त्यांनी चुकांचे वर्गीकरण केले आणि चुकांना स्वतःचे एक तर्कशास्त्र असते, असे दाखविले. क्रियापदाला प्रत्यय चुकीच्या जागी लावणारा विद्यार्थी निष्काळजी नसतो. त्याने कोठेतरी ऐकलेला किंवा अर्धवट शिकलेला एखादा नियम तो निष्ठेने पाळीत असतो. तो नियम अध्यापकाच्या लक्षात आला नाही, तर लाल शाई वाया जाते. विद्यार्थी मागे का पडतो, याचा शोध घेताना अध्यापकाने स्वतःची तयारीही तपासली पाहिजे, हा या ग्रंथाचा आग्रह तत्कालीन प्राध्यापकवर्गाला पचनी पडणे सोपे नव्हते.

प्रस्तुत लेखकाच्या मते स्तरनिश्चिती चाचणीच्या इतिहासातील हा सर्वांत फलदायी क्षण होय. येथे उत्तरपत्रिका गुणांकनापुरती उरली नाही. ती अभ्याससाधन झाली. विद्यार्थ्याचा वर्ग ठरविण्यासाठी घेतलेल्या निबंधाने अध्यापकांना काय शिकवावे, हे सांगितले. पण हा क्षण फार टिकला नाही. १९७८ मध्ये शॉनेसी यांचे कर्करोगाने निधन झाले आणि त्याच वर्षी त्या निबंधाचे भवितव्यही पालटले.

पन्नास मिनिटे आणि आठ गुण

न्यूयॉर्क शहर १९७५ च्या सुमारास आर्थिक दिवाळखोरीच्या काठावर पोहोचले. १९७६ मध्ये विद्यापीठाने प्रथमच शिक्षणशुल्क लागू केले आणि १२९ वर्षांची विनाशुल्क शिक्षणाची परंपरा खंडित झाली. त्याच वर्षी असेही ठरविण्यात आले की, वाचन, लेखन व गणित यांतील किमान प्रावीण्य सिद्ध केल्याखेरीज कोणासही पदवीच्या उत्तरार्धात, म्हणजे ६१ व्या श्रेयांकापासून पुढे जाता येणार नाही. या दोन निर्णयांचा एकत्रित विचार क्वचितच केला जातो. तो करावयास हवा.

१९७८ पासून सर्व महाविद्यालयांत एकसमान चाचण्या सुरू झाल्या. लेखनाच्या चाचणीत पन्नास मिनिटांत एक निबंध लिहावयाचा असे. दोन परीक्षक तो स्वतंत्रपणे वाचून १ ते ६ पैकी गुण देत आणि दोहोंची बेरीज ८ झाली की विद्यार्थी उत्तीर्ण. बाह्यतः हा निबंध शॉनेसी यांनी वाचलेल्या निबंधासारखाच होता. परंतु आता त्यातून एकच अंक बाहेर पडे आणि तोच अंक नोंदवहीत राही. निबंधात चूक कोणती व ती का झाली, ही माहिती परीक्षकाच्या टेबलावरच संपत असे.

शुल्क लागू झाल्याने चुकीच्या स्तरनिश्चितीचा आर्थिक भार विद्यार्थ्यावर पडला. उपचारात्मक वर्गांना बहुधा पूर्ण श्रेयांक नसत. पैसे व वेळ मात्र पूर्ण लागत असे. गरज नसताना अशा वर्गात बसविला गेलेला विद्यार्थी एक सत्र गमावी. अनेक जण पुढच्या सत्रास येतच नसत, आणि त्यांची गणना चाचणीच्या अपयशात न होता विद्यार्थ्याच्या अपयशात होई. येथे कॅलिफोर्नियाच्या त्या जादा शुल्काची आठवण होणे अपरिहार्य आहे.

चाचणीचे प्रवेशद्वारात रूपांतर

१९९७ च्या मे महिन्यात ब्राँक्समधील होस्टोस या द्वैभाषिक कम्युनिटी कॉलेजात, पदवीदान समारंभ तोंडावर आला असताना, विश्वस्त मंडळाने लेखनचाचणी उत्तीर्ण होण्याची अट पदवीसाठी बंधनकारक असल्याचा आग्रह धरला. प्रथम वर्षाचा वर्ग ठरविण्यासाठी जन्माला आलेली चाचणी अशा रीतीने पदवीपर्यंत येऊन ठेपली. प्रकरण न्यायालयात गेले.

पुढील वर्षी महापौर रुडॉल्फ जुलियानी यांनी बेनो श्मिट यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले. १९९९ मध्ये सादर झालेल्या त्याच्या अहवालाने विद्यापीठाची संभावना दिशाहीन संस्था अशी केली. त्याच वर्षी विश्वस्त मंडळाने चार वर्षांच्या वरिष्ठ महाविद्यालयांतून उपचारात्मक अध्यापन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय पक्का केला. तिन्ही चाचण्या उत्तीर्ण न झालेल्यांना, काही अपवाद वगळता, पदवी अभ्यासक्रमात घेतले जाणार नव्हते. त्यांना दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांचा मार्ग मोकळा होता. या धोरणाचे खंदे पुरस्कर्ते हर्मन बाडियो हे स्वतः प्वेर्तो रिकोत जन्मलेले आणि सिटी कॉलेजाचेच पदवीधर होते. त्यांची भूमिका निव्वळ प्रतिगामी म्हणून उडवून लावणे योग्य नव्हे. ढिलाईने दिलेली पदवी गरीब विद्यार्थ्याचीच फसवणूक करते, हे त्यांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्यांश होता. मात्र ज्या चाचणीच्या भरवशावर हा निर्णय उभा होता, ती चाचणी कितपत अचूक आहे, याचे उत्तर तेव्हा कोणी गांभीर्याने मागितले नाही.

चाचणीचीच परीक्षा

हे उत्तर येण्यास आणखी दहा-बारा वर्षे लागली. तोवर हाताने तपासल्या जाणाऱ्या निबंधांच्या जोडीला संगणकीय चाचण्या सर्वत्र आल्या होत्या. कोलंबिया विद्यापीठातील कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राशी संबंधित ज्युडिथ स्कॉट-क्लेटन व सहकाऱ्यांच्या अभ्यासातून २०१२ ते २०१४ या काळात असा निष्कर्ष पुढे आला की, चाचणी देणाऱ्यांपैकी गणितात सुमारे चारांतील एक आणि इंग्रजीत सुमारे तिघांतील एक विद्यार्थी गंभीररीत्या चुकीच्या स्तरावर बसविला जातो. त्यातही सक्षम विद्यार्थ्याला खालच्या वर्गात ढकलण्याचे प्रमाण उलट प्रकारच्या चुकीपेक्षा अधिक होते. माध्यमिक शाळेतील एकूण गुण हे या चाचण्यांपेक्षा अधिक विश्वसनीय निदर्शक ठरले. चार वर्षे अनेक शिक्षकांनी दिलेले गुण दोन तासांच्या चाचणीपेक्षा अधिक काही सांगतात, हे अनुभवी अध्यापकास नवलाचे वाटणार नाही. २०१५ मध्ये 'कॉम्पास' ही बहुप्रचलित चाचणी बंद करण्याची घोषणा खुद्द तिच्या निर्मात्यांनी केली.

न्यूयॉर्कमध्येच २०१३ मध्ये झालेला एक प्रयोग अधिक बोलका आहे. अ‍ॅलेक्झांड्रा लोग व सहकाऱ्यांनी तीन कम्युनिटी कॉलेजांतील ९०७ विद्यार्थी निवडले. या सर्वांना चाचणीनुसार प्राथमिक बीजगणिताचा उपचारात्मक वर्ग नेमून देण्यात आला होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट करण्यात आले. उपचारात्मक वर्ग केलेल्या गटात ३९ टक्के उत्तीर्ण झाले. त्याच वर्गाला साप्ताहिक कार्यशाळेची जोड दिलेल्या गटात ४५ टक्के. तिसऱ्या गटाला थेट श्रेयांकाच्या संख्याशास्त्राच्या वर्गात, कार्यशाळेसह, बसविण्यात आले. चाचणीच्या मते हे विद्यार्थी त्या वर्गास अपात्र होते. त्यांतील ५६ टक्के उत्तीर्ण झाले. बीजगणित व संख्याशास्त्र हे भिन्न विषय असल्याने ही तुलना सर्वस्वी समान नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही पदवीसाठी ज्याला संख्याशास्त्रच पुरेसे आहे, त्याला बीजगणिताच्या दारात का अडवावे, याचे समाधानकारक उत्तर आक्षेपकांकडून मिळत नाही.

पुढील घडामोडी वेगाने घडल्या. फ्लोरिडाने २०१३ मध्ये कायदा करून तेथील शाळांतून अलीकडे उत्तीर्ण झालेल्या बहुतेकांसाठी ही चाचणी ऐच्छिक केली. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्यान्वये कम्युनिटी कॉलेजांना शालेय गुण विचारात घेणे बंधनकारक केले. न्यूयॉर्क शहर विद्यापीठानेही शालेय गुणांवर आधारित प्रावीण्य निर्देशांक स्वीकारला आणि जुन्या धर्तीचे स्वतंत्र उपचारात्मक वर्ग संपुष्टात आणल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. त्यांच्या जागी नियमित अभ्यासक्रमालाच जादा तासांची जोड देणारे वर्ग आले.

या व्यवस्थेत विद्यार्थ्याचे सत्र वाया जाण्याचा धोका निश्चितच कमी झाला आहे. मात्र निर्देशांक हा विद्यार्थी उत्तीर्ण होण्याची शक्यता किती, एवढेच सांगतो. तो विद्यार्थी कोणत्या ठिकाणी अडखळतो आणि कोणता अर्धवट नियम उराशी धरून लिहितो, ही माहिती आता सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात, वर्गातल्या पहिल्या लेखी कामातून, अध्यापकालाच गोळा करावी लागते. त्यासाठी वर्ग लहान हवेत आणि जादा तासांचे मानधन अंदाजपत्रकात हवे.