ह्युंदाई मोटर कंपनी

ह्युंदाई मोटर कंपनी : मोटारगाड्यांचे उत्पादन करणारी दक्षिण कोरियातील सर्वांत मोठी कंपनी. स्थापना २९ डिसेंबर १९६७. मुख्यालय सेऊल येथे असून प्रमुख कारखाना आग्नेय किनाऱ्यावरील उल्सान या शहरी आहे. ‘ह्युंदाई’ या कोरियन शब्दाचा अर्थ ‘आधुनिक’ असा आहे. त्याचा मूळ उच्चार ‘ह्यन्दे’च्या जवळचा असला, तरी मराठीत ‘ह्युंदाई’ हेच रूप रूढ झाले आहे. संलग्न असलेल्या किआ कंपनीसह या समूहाने २०२२ मध्ये ६८ लाखांवर वाहने विकली आणि टोयोटा व फोक्सवॅगन यांच्या खालोखाल जगात तिसरे स्थान मिळविले.

कोरियन उद्योगधंद्यांचा इतिहास बहुधा सरकारी योजना, परकीय कर्जे आणि निर्यात यांच्या अंगाने सांगितला जातो. या कंपनीच्या बाबतीत तो तेवढ्यावर पुरा होत नाही. तिच्या वाटचालीतील महत्त्वाची वळणे गाडीच्या मालकांच्या मताने घडविली आहेत. तेही गाडी घेतानाच्या मताने नव्हे, तर ती चार-पाच वर्षे वापरल्यानंतर बनलेल्या मताने.

पूर्वपीठिका : संस्थापक चुंग जू-युंग (१९१५–२००१) हे आज उत्तर कोरियात असलेल्या तोंगचन भागातील एका गरीब शेतकरी कुटुंबातील होते. वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे घेऊन ते तरुणपणी घरातून पळाले. सेऊलमध्ये त्यांनी तांदळाचे दुकान चालविले. जपानी राजवटीच्या नियंत्रणांमुळे ते बंद पडल्यावर १९४० मध्ये मोटारदुरुस्तीचा कारखाना घेतला. तो लवकरच आगीत जळाला, तेव्हा पुन्हा कर्ज काढून उभारला. १९४६ मध्ये त्यांनी ‘ह्युंदाई’ या नावाने मोटारदुरुस्ती व १९४७ मध्ये बांधकाम सुरू केले. १९७० मध्ये पूर्ण झालेल्या सेऊल–बुसान द्रुतगती मार्गाच्या बांधकामात त्यांच्या कंपनीचा मोठा वाटा होता. म्हणजे आधी दुरुस्ती, मग रस्ते आणि शेवटी गाड्या, असा हा क्रम आहे. १९९८ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, हेच चुंग ५०० गुरे मालमोटारींत घालून पान्मुन्जॉमच्या सीमेवरून उत्तर कोरियात घेऊन गेले. लहानपणच्या त्या एका गायीचे कर्ज आपण फेडत आहोत, अशी त्यांची भावना होती.

मोटार कंपनीची सूत्रे त्यांनी धाकटे बंधू चुंग से-युंग यांच्याकडे सोपविली. १९६८ मध्ये अमेरिकन फोर्ड कंपनीशी करार होऊन उल्सान येथे ‘कॉर्टिना’ या गाडीची जुळणी सुरू झाली. सुटे भाग बाहेरून यावयाचे आणि येथे फक्त जोडावयाचे, असे कामाचे स्वरूप होते. कॉर्टिना ही इंग्लंडच्या डांबरी रस्त्यांसाठी बनलेली गाडी. कोरियातील खडबडीत, बहुतांशी कच्च्या रस्त्यांवर, आणि विशेषतः दिवसरात्र धावणाऱ्या टॅक्सींत, ती टिकेना. त्यात १९६९ मध्ये उल्सानच्या कारखान्यात पुराचे पाणी शिरले व भिजलेल्या गाड्यांविषयी प्रवाद पसरले. टॅक्सीचालकांनी उघड तक्रारी केल्या. ‘कॉर्टिना’ या नावाच्या कोरियन उच्चारावर ‘दुरुस्ती’, ‘डोकेदुखी’ अशा अर्थाच्या कोट्या होऊ लागल्या. दोष मूळ रचनेचा की रस्त्याचा, हा वाद फोर्डशी चालू राहिला. परंतु गाडीचे बारे-वाईट पदरी आले ते ह्युंदाईच्या. दुसऱ्याच्या आराखड्याची गाडी विकली, तरी नाव आपलेच खराब होते, हा धडा कंपनीला येथे मिळाला. एंजिन-निर्मितीच्या संयुक्त प्रकल्पाची फोर्डशी चाललेली बोलणी १९७३ च्या सुमारास फिसकटली, तेव्हा स्वतःची गाडी काढण्याचा निर्णय घेण्यात आला. पार्क चुंग-ही यांच्या सरकारचाही देशी गाडीसाठी आग्रह होता.

पोनी : १९७४ मध्ये ब्रिटिश लेलँड या कंपनीतून बाहेर पडलेले जॉर्ज टर्नबुल यांना उल्सानला आणण्यात आले, त्यांच्याबरोबर काही ब्रिटिश तंत्रज्ञही आले. बाह्यरूपाचा आराखडा इटालियन रचनाकार जॉर्जेत्तो जुजारो यांनी केला. १,२३८ घ. सेंमी. क्षमतेचे एंजिन जपानच्या मित्सुबिशीच्या परवान्याखाली घेतले. अशा रीतीने इंग्लंड, इटली व जपान यांच्या साहाय्याने घडलेली, तरीही कोरियाची पहिली स्वतःची म्हणता येईल अशी गाडी ऑक्टोबर १९७४ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात मांडण्यात आली. डिसेंबर १९७५ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९७६ मध्ये देशात दहा हजारांवर गाड्या विकल्या गेल्या आणि त्याच वर्षी एक्वादोरला पाच गाड्या पाठवून निर्यातीचा प्रारंभ झाला. चुंग से-युंग यांना पुढे ‘पोनी चुंग’ म्हणूनच ओळखले जाई.

१९८३ च्या अखेरीस कॅनडात पोनी आली, ती कंपनीच्या अंदाजाच्या कितीतरी पट विकली गेली. मात्र हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी तेथे मीठ टाकतात. त्यामुळे काही वर्षांतच पोनीचे पत्रे गंजू लागले. स्वस्त म्हणून घेतलेली गाडी मालकाच्या डोळ्यांदेखत झिजू लागली. कंपनीचे लक्ष मात्र तोपर्यंत दक्षिणेकडील मोठ्या बाजारपेठेकडे लागले होते.

अमेरिकेतील चढउतार : अमेरिकेच्या धूरनियंत्रणाच्या कसोट्यांना पोनी उतरत नव्हती. म्हणून पुढच्या चाकांना चालना देणारी ‘एक्सेल’ ही नवी गाडी १९८६ मध्ये तेथे आणली. किंमत ४,९९५ डॉलर. पहिल्याच वर्षी १,६८,८८२ गाड्या खपल्या. आयात गाडीने पहिल्या वर्षी गाठलेला हा तोपर्यंतचा उच्चांक होता. १९८७ मध्ये खप अडीच लाखांच्या पलीकडे गेला. ज्यांना एरवी दुसऱ्याची वापरलेली गाडी घ्यावी लागली असती, अशा अनेकांच्या घरी प्रथमच कोरी गाडी आली.

नंतर तक्रारींना सुरुवात झाली. एंजिन व गिअर यांतील बिघाड, आतील प्लॅस्टिकची तकलादू बांधणी, रंग जाणे आणि या सर्वांवर कडी म्हणजे विकावयास काढल्यास न येणारी किंमत. हप्ते संपण्यापूर्वीच गाडीची किंमत उरलेल्या कर्जाहून कमी होई. रात्रीच्या दूरदर्शन कार्यक्रमांतील विनोदवीरांना हे नाव म्हणजे हुकमी हशा मिळविण्याचे साधन झाले. १९८९ मध्ये कॅनडातील ब्रोमाँट येथे उघडलेला कारखाना १९९३ मध्ये बंद करावा लागला. १९९८ मध्ये अमेरिकेतील विक्री सु. ९० हजारांवर, म्हणजे दशकापूर्वीच्या सु. एक तृतीयांशावर आली. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे : याच काळात कंपनीची तांत्रिक पात्रता वाढत होती. १९९१ मध्ये तिने स्वतः आखलेले ‘अल्फा’ हे एंजिन सिद्ध केले होते. पण गाडी सुधारली म्हणून लोकांचे मत लगेच सुधारत नाही. जुन्या गाड्या रस्त्यावर असेपर्यंत त्याच साक्ष देत राहतात.

१९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात किआ ही प्रतिस्पर्धी कंपनी दिवाळखोरीत गेली व १९९८ मध्ये ती ह्युंदाईने ताब्यात घेतली. याच सुमारास संस्थापकांचे पुत्र चुंग मोंग-कू यांच्याकडे मोटार कंपनीची सूत्रे आली. त्यांची आधीची बरीच कारकीर्द विक्रीनंतरच्या सेवेच्या कंपनीत गेली होती. परत आलेल्या, नादुरुस्त गाड्या पाहिलेला मनुष्य कंपनीच्या प्रमुखपदी आला, ही बाब दुर्लक्षणीय नाही. अमेरिकेत एंजिन व प्रेषणयंत्रणा यांसाठी दहा वर्षे किंवा एक लाख मैल (सु. १,६०,००० किमी.) अशी हमी देण्यात आली. ही दीर्घ हमी पहिल्या मालकापुरतीच होती. पुढच्या मालकास पाच वर्षांची मिळे. त्यातील हिशेब साधा होता : गाडी खराब निघाली, तर नुकसान आता मालकाचे नव्हे, कंपनीचे. त्यामुळे दोष कारखान्यातच शोधणे भाग पडले. हमीची जाहिरात करणे सोपे होते. तिच्या ओझ्याने कारखान्याची शिस्त बदलली, हे तिचे खरे कार्य होय. जे. डी. पॉवर या संस्थेच्या मालक-पाहणीत १९९८ मध्ये दर शंभर नव्या गाड्यांमागे २७२ तक्रारी होत्या. २००४ मध्ये त्या १०२ झाल्या. तेव्हा टोयोटाचा आकडा १०१ होता. २००५ मध्ये अ‍ॅलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे कारखाना निघाला. २००९ च्या मंदीत, नोकरी गेल्यास गाडी परत घेण्याची योजना कंपनीने जाहीर केली आणि इतरांचा खप कोसळत असता तिचा वाढला.

परंतु हा आलेख सरळ वर गेला नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत सु. नऊ लाख ह्युंदाई व किआ गाड्यांचे इंधनबचतीचे आकडे फुगविलेले असल्याचे उघड होऊन मालकांना भरपाई द्यावी लागली. त्याहून गंभीर प्रकरण ‘थीटा–२’ एंजिनांचे. क्रँकशाफ्टच्या तेलमार्गात यंत्रकामाचा धातूचा कीस राहून बेअरिंगला तेल कमी पडे आणि एंजिन चालता चालता बंद पडे. काही गाड्यांना आगी लागल्या. २०१५ पासून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. परत बोलावण्यास विलंब होत असल्याची माहिती किम ग्वांग-हो या कंपनीतीलच अभियंत्याने २०१६ मध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांना दिली. त्याला नोकरी गमवावी लागली. पुढे २०२१ मध्ये अमेरिकन शासनाने त्यास २·४ कोटी डॉलरहून अधिक पारितोषिक दिले. दोन्ही कंपन्यांवर २०२० मध्ये मिळून २१ कोटी डॉलरची दंडात्मक तडजोड लादण्यात आली. दोष असणे आणि दोष ठाऊक असून वेळेवर न सांगणे यांत मालक फरक करतो. पहिले तो हमीपोटी सोसतो, दुसरे विसरत नाही. यानंतर थोड्याच काळात, स्वस्त प्रकारांत चोरीरोधक इलेक्ट्रॉनीय कुलूप न बसविल्यामुळे अमेरिकेत या गाड्यांच्या चोऱ्यांची लाट आली. काही डॉलरच्या बचतीची किंमत मालकांनी वाढत्या विमाहप्त्यांच्या रूपाने मोजली.

मायदेशातील मत : कोरियात बहुसंख्य कुटुंबांच्या दारात या समूहाची गाडी असते, आणि टीकाही तेथेच सर्वांत तिखट होते. निर्यातीच्या गाड्यांना जाड पत्रा व चांगल्या एअरबॅगा, देशी ग्राहकाला मात्र दुय्यम माल, असा समज तेथे खोल रुजला आहे. कंपनीच्या नावातील अक्षरे किंचित बदलून ‘घातक शस्त्र’ या अर्थाचे टोपणनावही प्रचारात आले. हा समज खोडण्यासाठी ऑगस्ट २०१५ मध्ये इंचन शहरातील सोंगडो येथे ग्राहकांच्या समक्ष दोन ‘सोनाटा’ गाड्या, एक अमेरिकेत बनलेली व एक कोरियात बनलेली, समोरासमोर आदळविण्यात आल्या. दोहोंची हानी जवळजवळ सारखीच झाली. तरी संशय पुरता फिटला नाही. ज्याने कंपनीला वाढताना पाहिले, ज्याच्या संरक्षित बाजारपेठेतील पैशावर निर्यात उभी राहिली, त्या ग्राहकाचा हा रुसवा एका चाचणीने जाण्यासारखा नव्हता.

भारत : १९९६ मध्ये भारतीय उपकंपनी स्थापन होऊन चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर भागात कारखाना उभारला गेला. सप्टेंबर १९९८ मध्ये ‘सँट्रो’ बाजारात आली. तिचे उंच, डबीसारखे रूप प्रथम थट्टेचा विषय झाले. पण साडी नेसलेल्या स्त्रियांना आणि गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना न वाकता आत बसता येई, हा गुण घरोघर कळला. पेट्रोल पुरविणारी इंजेक्शन पद्धती, चांगला वातानुकूलक आणि नेटकी अंतर्रचना यांमुळे मारुतीच्या एकछत्री बाजारपेठेत तिला जागा मिळाली. भारतीय मालकांचा सर्वसाधारण अभिप्राय आजही याच स्वरूपाचा आहे : आराम, सोयी व सेवाकेंद्रांचे जाळे यांबद्दल समाधान, पण वेगात हलके वाटणारे सुकाणू आणि पातळ पत्रा यांबद्दल कुरकुर. २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’च्या आघातचाचणीत, इतर चार कंपन्यांच्या छोट्या गाड्यांप्रमाणेच, एअरबॅग नसलेल्या ‘आय-१०’ ला शून्य तारे मिळाले. २०२३ मध्ये ‘व्हर्ना’ ला पाच मिळाले. २०१५ मधील ‘क्रेटा’ मुळे कंपनी छोट्या गाड्यांपुरती राहिली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये उपकंपनीच्या २७,८७० कोटी रु. भागांची विक्री झाली. भारतातील तोपर्यंतची ही सर्वांत मोठी प्राथमिक भागविक्री होती. तिची रक्कम मूळ कोरियन कंपनीकडे गेली.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील तळेगाव येथील जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या अखेरीस थांबला होता व तेथील कामगारांचा भरपाईसाठी दीर्घ लढा चालला होता. तो कारखाना ह्युंदाईने २०२३ मधील करारानुसार घेतला असून २०२५ मध्ये तेथे उत्पादनास प्रारंभ झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली नवी ‘व्हेन्यू’ येथे बनते.

विद्युत्‌ गाड्या : ‘आयोनिक–५’ व ‘आयोनिक–६’ यांना २०२२ व २०२३ मध्ये लागोपाठ ‘वर्ल्ड कार ऑफ द इयर’ हा सन्मान लाभला. तत्पूर्वी २०२१ मध्ये ‘कोना’ या विद्युत्‌ गाडीच्या बॅटऱ्यांना आगी लागल्याने सु. ८२,००० वाहनांच्या बॅटऱ्या बदलण्याचे ठरले, आणि २०२४ मध्ये ‘आयोनिक’ गाड्यांतील विद्युत्‌भार-नियंत्रक एककातील दोषामुळे त्याही परत बोलवाव्या लागल्या. समूहाचे अध्यक्षपद २०२० पासून संस्थापकांचे नातू चुंग अी-सन यांच्याकडे आहे.