दसऱ्याआधी पुरी व्हावी गोधडी : बीड जिल्ह्यातील हातशिलाईचे वार्षिक गणित

जगभरातील हौशी विणकाम व शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया जानेवारीच्या प्रारंभी संकल्प सोडतात. वर्षभरात इतके स्वेटर, इतक्या चादरी, शिवाय गेल्या वर्षीची अर्धवट कामे पूर्ण करायची. डिसेंबर उजाडला, की हिशेब मांडला जातो. बीड जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतही सुईदोऱ्याचा असा वार्षिक हिशेब असतो; फक्त त्याचे वर्ष एक जानेवारीला सुरू होत नाही. ते दसऱ्याला संपते. घरातील फाटक्या गोधड्या दुरुस्त करणे, नवी गोधडी पुरी करणे, बाळंतिणीसाठी दुपटी शिवणे ही कामे सीमोल्लंघनाच्या आत उरकावी लागतात. कारण दसऱ्यानंतर जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडतात आणि थंडीचे महिने उसाच्या फडाजवळच्या कोपीत काढतात. तेथे गोधडी ही हौसेची वस्तू राहत नाही.

गोधडी म्हणजे काय?

जुन्या कापडाचे थर एकावर एक अंथरून ते धावदोऱ्याने एकत्र शिवले, की गोधडी तयार होते. तिलाच अनेक भागांत वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठीचे लहान व मऊ ते दुपटे. वापरून विरलेल्या लुगड्याला मराठीत ‘जुनेर’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि गोधडीचा खरा कच्चा माल हे जुनेरच होय. अनेकदा धुतल्याने सुती कापड मऊ झालेले असते. ते घाम शोषून घेते, उन्हाळ्यात अंथरायला आणि हिवाळ्यात पांघरायला चालते.

नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे २७ फूट कापड. त्याच्या चार घड्या घातल्या, तर पावणेसात फूट लांबीचे चार थर मिळतात. लुगड्याचा पन्हा साधारण पावणेचार ते चार फूट असल्याने एका माणसाची गोधडी एका जुनेरात उभी राहते. सहावारीची लांबी सुमारे १८ फूट. तिच्यात सहा फुटांचे तीनच थर निघतात. आतील थरांत धोतर, सदरे, परकर असे काहीही चालते. बाहेरच्या बाजूला मात्र त्यातल्या त्यात धड आणि रंगीत कापड घेतले जाते. लुगड्याचे काठ कापून कडेला लावले, की कड लवकर झिजत नाही.

मुदत दसऱ्याचीच का?

बालाघाटच्या डोंगररांगांनी दुभागलेल्या या जिल्ह्यात बरीचशी शेती कोरडवाहू आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतील अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबे खरिपाची कामे आटोपली, की पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या दोघांनी हंगामभर फेडायची असते. जाताना धान्य, भांडीकुंडी, जनावरे आणि अंथरूण-पांघरूण सोबत न्यावे लागते.

गाळप हंगामाचा दिवस राज्य शासन दरवर्षी ठरवते. २०२३-२४ आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी एक नोव्हेंबर, तर २०२४-२५ साठी १५ नोव्हेंबर ही तारीख ठरली होती. पण घरातील स्त्रीचे वेळापत्रक या तारखेवर नव्हे, तर पंचांगावर चालते. पंचांगातील दसरा मागेपुढे सरकतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये तो दोन ऑक्टोबरलाच आला. म्हणजे दोन वर्षांच्या मुदतीत तीन आठवड्यांचा फरक पडला. शिलाईच्या दृष्टीने हे तीन आठवडे किती मोठे आहेत, ते पुढील हिशेबावरून लक्षात येईल.

किती टाके, किती दिवस?

सहा फूट लांब व चार फूट रुंद अशी साधी गोधडी घेऊ. दोन ओळींमधील अंतर अर्धा इंच ठेवले, तर रुंदीत ९६ ओळी बसतात. प्रत्येक ओळ सहा फुटांची. म्हणजे एकूण शिवण ५७६ फूट, सुमारे १७५ मीटर. इंचाला तीन टाके धरले, तर टाक्यांची संख्या २० हजारांच्या पुढे जाते. जाड थरांतून सुई ओढत एक ओळ घालायला वीस मिनिटे लागतात असे मानले, तर एका गोधडीला ३२ तास हवेत. घर, शेत आणि पाणी सांभाळून रोज दीड तास मिळाला, तर काम तीन आठवड्यांचे. दसरा तीन आठवडे अलीकडे आला, म्हणजे घरातील एक गोधडी कमी झाली, असाच त्याचा अर्थ.

ओळींतील अंतर एक इंच केले, तर श्रम निम्मे होतात. मात्र थर आतल्या आत सरकतात आणि दोन-चार धुण्यांत गोधडीचे गोळे होतात. दाट शिवण ही केवळ शोभा नव्हे. विरलेल्या कापडाला दोऱ्यानेच बळ मिळते. म्हणून घाई असली तरी जाणत्या स्त्रिया टाके विरळ करण्याऐवजी गोधडीचा आकार लहान करतात.

वर्षाचे चक्र

गोधडीच्या कामाचे ऋतूंप्रमाणे चार टप्पे पडतात.

चैत्र-वैशाख : फडावरून परतण्याचे आणि शेतीची कामे थंडावण्याचे दिवस. अंगण कोरडे, ऊन भरपूर. जुनेरे काढून धुणे, फाडणे, जुळवणे आणि थर अंथरून कच्ची शिवण घालणे यासाठी हाच काळ सोयीचा. मात्र टंचाईच्या वर्षी हेच महिने पाण्यासाठी पायपीट करण्यात जातात. २०१२-१३ आणि नंतर २०१४ ते २०१६ या काळातील दुष्काळात मराठवाड्यातील अनेक गावे टँकरवर अवलंबून होती.

ज्येष्ठ-आषाढ : मृग नक्षत्र लागले, की पेरणी आणि पाठोपाठ खुरपणी. या दिवसांत शिवण मागे पडते.

श्रावण-भाद्रपद : पावसाची झड लागली, की दुपारी उंबऱ्यापाशी उजेडात बसून टाके घालता येतात. अर्धवट गोधड्या पुढे सरकतात त्या या दोन महिन्यांत.

आश्विन : घटस्थापनेपूर्वी घरातील सारे अंथरूण-पांघरूण नदी-ओढ्यावर नेऊन धुण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. हे धुणे म्हणजे वार्षिक तपासणीच असते. ओल्या गोधडीला पीळ बसला, की कुठला टाका उसवला आणि कुठला थर फाटला ते उघड होते. त्यानंतर ठिगळे लावायला उरतात ते नवरात्राचे दिवस.

काम अर्धवट का राहते?

गोधडी रेंगाळण्याची कारणे आळसाहून वेगळी आहेत. पहिले कारण कापडाचे. सुरुवातीलाच सगळे थर जमले नसतील, तर मध्येच काम थांबते. दुसरे कारण मांडणीचे. थर नीट न टाचता कडेने शिवत गेले, तर सारी सुरकुती मध्यभागी गोळा होते आणि शेवटी अर्धी शिवण उसवावी लागते. यावर उपाय म्हणजे सारवलेल्या सपाट जमिनीवर थर ताणून, कडांवर दगड ठेवून, मध्यापासून कडेपर्यंत लांब लांब कच्चे टाके घालणे. हे काम दोघी-तिघींनी मिळून एका बैठकीत करावयाचे असते. एकदा गोधडी टाचली गेली, की ती गुंडाळून कुठेही नेता येते. तिला मागाची वा चौकटीची गरज नसते.

तिसरे कारण हातांचे. जाड थरांतून सुई ढकलताना बोटे सोलतात; अंगुस्तान वापरले नाही, तर काम दोन दिवसांत बंद पडते. सुईत फार लांब दोरा ओवला, तर तो गुंततो आणि तुटतो. हातभर दोऱ्याने काम सावकाश वाटले तरी पुढे जाते.

चौथे कारण निवडीचे. एकाच वेळी तीन गोधड्या काढल्या, तर दसऱ्याला तिन्ही अपुऱ्या राहतात. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी दुरुस्ती, मग लहान मुलांची पांघरुणे, मग मोठी गोधडी. दुपट्याचा आकार तीन फूट बाय अडीच फूट धरला, तर त्याची शिवण मोठ्या गोधडीच्या एक तृतीयांशाहूनही कमी भरते. मुदत जवळ आली असता दुपटे हाती घेणे म्हणूनच शहाणपणाचे.

रुखवताची दुसरी मुदत

तालुक्याच्या गावी आणि शहरांत सुईकामाची आणखी एक मुदत असते, ती लग्नाची. तुळशीचे लग्न लागले, की लग्नसराई सुरू होते आणि मुलीच्या रुखवतात क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणे, भरतकाम केलेल्या उशांचे अभ्रे, लोकरीच्या वस्तू मांडल्या जातात. बीडच्या हवामानात स्वेटरची गरज दोन-अडीच महिन्यांचीच; म्हणून लोकरकामाचा भर बाळाच्या टोपऱ्या-मोज्यांवर आणि शोभेच्या वस्तूंवर असतो. येथेही नियम तोच. सुलट-उलट टाक्यांचा मोठा तुकडा अर्धवट सोडण्यापेक्षा लहान नग पुरे करीत गेल्यास रुखवत भरते. ही मांडणी आता विकतही मिळते. त्यामुळे हाताने केलेल्या वस्तूची ओळख तिच्या नेटकेपणापेक्षा ती कोणी केली यावर ठरू लागली आहे.

कापड बदलले, गोधडी बदलली

रोजच्या वापरात सुती लुगड्यांची जागा कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी घेतली. ही साडी लवकर विरत नाही, हे खरे. पण ती सुळसुळीत असल्याने थर सरकतात आणि घाम शोषला जात नाही. म्हणून आतील थर सुती व बाहेरील थर साडीचा, अशी तडजोड केली जाते. दुसरीकडे पानिपतची स्वस्त ब्लँकेटे आठवडी बाजारात पोहोचली. सोलापूरची भौगोलिक मानांकन मिळालेली चादर तर घराघरांत आहेच. रस्त्याच्या कडेला शिलाई यंत्रावर तासाभरात गोधडी शिवून देणारेही दिसतात. यंत्राची शिवण सरळ व पक्की असते, परंतु जाड थरांवर ती ताठ बसते. हातच्या धावदोऱ्यात जो सैलपणा आणि ऊब असते, ती यंत्रात उतरत नाही.

शहरी बाजारात हातशिलाईच्या गोधडीला आता मागणी आहे. बचत गटांच्या प्रदर्शनांत ती दिसते; परदेशांतही तिचे चाहते आहेत. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर इंग्रजीत सचित्र पुस्तक लिहून हा विषय जगापुढे मांडला. मात्र किंमत ठरवताना वरील ३२ तासांचा विचार अभावानेच होतो. दिवसाला आठ तास धरले, तर एका गोधडीत चार पूर्ण दिवसांची मजुरी आहे. शेतमजुरीच्या दरानेही ती रक्कम कापड-दोऱ्याच्या खर्चाहून बरीच जास्त भरते. घासाघीस करणाऱ्या ग्राहकाने एवढा हिशेब ध्यानात ठेवला तरी पुरे.

गोत मोठे आहे

बंगालची कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकातील कौदी, जपानमधील बोरो ही सारी गोधडीचीच भावंडे. सगळ्यांचे मूळ एकच : झिजलेले कापड टाकून न देता धावदोऱ्याने त्याला पुन्हा उभे करणे. बंगालच्या नक्षी कांथेला व बिहारच्या सुजनीला भौगोलिक मानांकन लाभले आहे.

महाराष्ट्रात गोधडीला वैराग्याचाही अर्थ आहे. चिंध्यांचे वस्त्र अंगावर घेणाऱ्या गाडगेबाबांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत. बीड जिल्ह्याला तर पांघरुणाचा आणखी एक थोर वारसा आहे. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१-१६१५) यांनी कागदाऐवजी पासोडीवर, म्हणजे पांघरायच्या जाड सुती वस्त्रावर ग्रंथरचना लिहिली. सुमारे ४० फूट लांब व चार फूट रुंद अशी ही पासोडी अंबाजोगाईत जतन करण्यात आली आहे.

गोधडी इतकी टिकत नाही. ती वापरली जाते, धुतली जाते, फडावर मळते आणि काही वर्षांनी दुसऱ्या गोधडीच्या पोटात थर म्हणून जाते. त्यामुळे तिचे काम कधी संपत नाही; फक्त दरवर्षीची मुदत पाळावी लागते. डिसेंबरच्या पहाटे कोपीच्या पाचटातून वारा आत शिरतो, तेव्हा श्रावणात घातलेल्या टाक्यांचा उपयोग होतो. त्या वेळी गोधडी अर्धवट असून चालत नाही.