उघड्यावरचा व्यायाम आणि बघ्यांचे हसू

१३ मार्च १९९५. पहाटेची वेळ, अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातील बाग. डॉ. मदन कटारिया फिरायला आलेल्या लोकांना थांबवून सांगत होते, की आपण रोज सकाळी येथे जमून थोडा वेळ हसू या. बहुतेकांनी हसून काढता पाय घेतला. चौघे थांबले. डॉक्टर धरून पाच जण झाले. ते पाच जण वर्तुळ करून हसू लागले आणि बागेतील बाकीचे लोक त्यांना हसू लागले.

एकाच बागेत, एकाच वेळी दोन तऱ्हांचे हसू. आतले व्यायामाचे, बाहेरचे बघ्यांचे. पहिल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. हा धागा दुसऱ्याविषयी आहे.

कारण ते हसू अजून संपलेले नाही. आजही एखाद्या बागेत कोणी ताई ची करू लागला, म्हणजे गुडघे किंचित वाकवून, पाण्यातून फिरवावेत तसे हात संथपणे फिरवू लागला, की चालणाऱ्यांची पावले रेंगाळतात. कोणी विचारतो, ‘हा योगाच का?’ कोणी मोबाइल काढतो. शेजारून धापा टाकत धावणाऱ्याकडे मात्र कोणी वळूनही पाहत नाही. घाम, वेग आणि मोजदाद या तीन खुणांवरून आपली नजर व्यायाम ओळखते. त्या दिसल्या नाहीत की समोरचे शरीर नुसते विचित्र वाटते. ही नजर घडली कशी, हे पाहायचे तर महाराष्ट्रात तालमीच्या बुटक्या दारापाशी जावे लागते.

जुन्या तालमीचे दार वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये इतके ठेंगणे असे. आत उजेड बेताचा, मधोमध लाल मातीचा हौद, त्या मातीत तेल, ताक, हळद मिसळलेली, आणि एका बाजूला मारुती. पहाटेच्या अंधारात जोर-बैठका सुरू होत. पैलवान या सगळ्याला ‘मेहनत’ म्हणत, आणि मेहनत लोकांना दाखवायची नसे. दाखवायची ती कुस्ती. ती जत्रेच्या फडात किंवा शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेल्या खासबागेसारख्या मैदानात, हजारो डोळ्यांसमोर व्हायची. म्हणजे बघ्याच्या वाट्याला तयार झालेले शरीर येई, तयार होत असलेले नव्हे. नजर लागण्याची भीती, डाव फुटण्याची धास्ती आणि लंगोटावरच्या अंगाचा संकोच अशी तिन्ही कारणे त्यामागे होती. स्त्रियांना तर त्या दारातून प्रवेशच नव्हता. तेव्हा तालमीची भिंत कोणाचे संरक्षण करत होती आणि कोणाला बाहेर ठेवत होती, हे दोन्ही प्रश्न एकदमच विचारायला हवेत.

मल्लखांबाची परंपरेने सांगितली जाणारी कथा याच भिंतीची आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्यात आले आणि त्यांनी आव्हान दिले. तरुण बाळंभटदादा देवधरांनी ते स्वीकारले, पण तयारीसाठी काही दिवसांची मुदत मागितली आणि ते वणीच्या सप्तशृंगीला निघून गेले. तेथे झाडांवरच्या वानरांच्या हालचाली पाहून त्यांना खांबावरच्या मेहनतीची युक्ती सुचली, असे सांगतात. कथेतला वानरांचा भाग किती खरा मानावा हे ज्याने त्याने ठरवावे. खांबावरच्या कसरतीचा उल्लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही आहे. कथेचा आकार मात्र बोलका आहे. आव्हान भर दरबारात, लढत सर्वांसमोर आणि सराव दूरच्या डोंगरावर.

ही भिंत पडली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत. एतद्देशीयांची शरीरे दुबळी आहेत हा इंग्रजी टोमणा सुशिक्षित मराठी माणसाच्या मनात खोल रुतला होता. त्याला उत्तर द्यायचे तर एकेकटा पैलवान पुरेसा नव्हता. शेकडो तरुण एका तालावर हलताना दिसायला हवे होते. बडोद्याला जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या प्रोफेसर माणिकरावांनी सांघिक व्यायामाला देशी भाषेतल्या आज्ञा दिल्या. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. दादरला १९२५ मध्ये समर्थ व्यायाम मंदिर उभे राहिले. पुढे १९३६ मध्ये, ऑलिंपिकच्या निमित्ताने, अमरावतीच्या पथकाने हुतूतू आणि मल्लखांब यांची प्रात्यक्षिके थेट बर्लिनमध्ये केली. वणीच्या डोंगरावर लपवलेली मेहनत आता परक्या देशातल्या बघ्यांसाठी मांडली गेली.

‘प्रात्यक्षिक’ हा शब्दच पाहा. तो व्यायामाच्या जगात रुळला तो याच काळात. व्यायाम आता अंगासाठी होता तसाच डोळ्यांसाठीही झाला.

बघे आले की त्यांचे हसूही आले, आणि त्याचा उत्तम पुरावा औंधच्या सूर्यनमस्कारांच्या कथेत सापडतो. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला होता. संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे होते, त्यांवर त्यांनी पुस्तके लिहिली, आणि मुलींनी व स्त्रियांनीही नमस्कार घालावेत असा त्यांचा आग्रह होता. तालमीच्या दाराबाहेर थांबवलेल्या स्त्रीला व्यायामात आणणारा हा आग्रह त्या काळात लहान नव्हता. नमस्काराला हौद लागत नाही, जोडीदार लागत नाही, एक हातरी पुरते. त्यामुळे तो घराघरांत, अंगणांत, गच्च्यांवर पोचला. मध्यमवर्गात नमस्कारांची अक्षरशः लाट आली.

आणि १९३३ मध्ये आचार्य अत्र्यांनी ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यातल्या रावबहादुरांना सगळ्या दुखण्यांवर आणि सगळ्या प्रश्नांवर एकच उपाय ठाऊक असतो: नमस्कार घाला. नाट्यगृहे खदखदून हसली. इतिहासाचा विद्यार्थी हे हसू नोंदवताना एक फरक लक्षात ठेवील. अपरिचित हालचालीला बघे हसतात ते बिचकून. अत्र्यांचा प्रेक्षक हसत होता तो ओळखीने. ज्याच्या घरात कोणी नमस्कार घालत नव्हते त्याला हा विनोद कळलाच नसता. नाटकात थट्टा होणे ही त्या व्यायामाला समाजाने दिलेली पावतीच होती. नमस्कार घालणारा माणूस तोवर विक्षिप्त राहिला नव्हता, फार तर अतिरेकी ठरत होता.

गंमत म्हणजे ताई चीचा प्रवासही असाच बंद दारातून सुरू झाला. चीनच्या हेनान प्रांतात चेन घराण्याचे एक गाव आहे. ही युद्धकला तेथे कुळाच्या आत शिकवली जाई. एकोणिसाव्या शतकात यांग लुचान हा बाहेरचा शिष्य ती शिकला आणि बीजिंगला जाऊन तेथल्या वरिष्ठ वर्गाला शिकवू लागला. विसाव्या शतकात संस्था निघाल्या, पुस्तके छापली गेली, लढाईचा भाग मागे पडला आणि आरोग्याचा पुढे आला. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने चोवीस हालचालींचा एक सोपा क्रम ठरवून दिला. पाच-सहा मिनिटांत संपणारा, कोणालाही जमेल असा. तेव्हापासून तेथील बागांत पहाटे माणसे ताई ची करताना दिसणे ही पाखरे दिसण्याइतकी साधी गोष्ट झाली, आणि २०२० मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. बीजिंगच्या बागेत ताई ची करणाऱ्याला बघ्या मिळत नाही. तीच व्यक्ती, त्याच हालचाली, पण मुंबईच्या बागेत आणल्या की वर्तुळ जमते. हालचालीत हसण्याजोगे काही नसते. पाहणाऱ्याजवळ तिच्यासाठी शब्द नसतो, एवढेच.

आता पुन्हा लोखंडवालाच्या बागेत यायला हरकत नाही. कटारियांच्या गटाची संख्या थोड्याच दिवसांत पन्नासाच्या वर गेली. सुरुवातीला रीत साधी होती: मध्ये येऊन एकाने विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचे. साधारण दोन आठवड्यांत चांगले विनोद संपले. उरले ते चावट, किंवा कोणाच्या तरी जिव्हारी लागणारे. सभासद तक्रार करू लागले, क्लब मोडण्याची वेळ आली. तेव्हा कटारियांनी विनोदच काढून टाकला. हसण्याचे सोंग केले तरी शरीराला त्याचा लाभ होतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. पत्नी माधुरी योग शिकवत असत. त्यांच्या साहाय्याने दीर्घ श्वास, टाळ्या, ‘हो हो, हा हा हा’चा घोष आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहत हसणे असा क्रम बसवला गेला. त्याचेच नाव हास्ययोग.

या शोधाचे वैद्यकीय मोल काय, हा वेगळा विषय. व्यायामाच्या इतिहासात त्याची जागा मात्र अनोखी आहे. आधीच्या प्रत्येक उघड्यावरच्या व्यायामाने बघ्यांचे हसू सोसले, दुर्लक्षिले किंवा शिस्तीच्या धाकाने दाबले. येथे बाहेरचा माणूस हसला तर तो नकळत आतल्यांच्याच कवायतीत सामील होत होता. त्याचे हत्यार निकामी झाले. पुढे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बागांत निवृत्त माणसांची अशी वर्तुळे दिसू लागली. आयुष्यभर कचेरीत गंभीर तोंडाने बसलेली, चारचौघांत मोठ्याने हसणे असभ्य मानणाऱ्या घरांत वाढलेली माणसे हात वर करून आकाशाकडे पाहत हसत होती. स्त्रियांच्या बाबतीत तर ही गोष्ट आणखी मोठी होती. मोठ्याने हसणाऱ्या बाईला आपल्या समाजाने काय काय नावे ठेवली आहेत, ते कोणाला सांगायला नको. २००३च्या ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’मधला डॉ. अस्थाना रागावला की हसू लागतो. साऱ्या देशाला तो संदर्भ लगेच कळला. ‘साष्टांग नमस्कार’ची पावती हास्यक्लबाला अशी मिळाली.

तरी सगळेच बघे विरघळले नाहीत. कुर्ल्यात तलावाकाठी भरणाऱ्या एका हास्यक्लबाच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून तेथील एक रहिवासी २०११च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. बातमी वाचून लोक हसले, पण तक्रार हास्यास्पद नव्हती. बाग सर्वांची म्हणजे झोपणाऱ्याचीही. उघड्यावर व्यायाम करण्याचा हक्क कोठे संपतो, हा प्रश्न त्या माणसाने विचारला आणि तो अजून नीट सुटलेला नाही.

इथवरच्या सगळ्या कथांत एक गोष्ट गृहीत आहे: करणारा एक, पाहणारा दुसरा. तालमीच्या भिंतीने त्यांना वेगळे ठेवले, मैदानाने समोरासमोर आणले, पण ते दोन राहिले. मात्र हे गृहीतक साऱ्या महाराष्ट्राला लागू पडत नाही. मुंबईच्या उत्तरेला काही तासांवर, पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगरी तालुक्यांत उघड्यावर, लोकांसमोर, ठरलेल्या पावलांनी अंग हलवण्याची परंपरा या सगळ्या व्यायामशाळांहून जुनी आहे, आणि तिथला बघ्या निराळा आहे.

तारप्याचा नाच घ्या. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांपासून बनवलेला तारपा वाजवणारा मध्ये, आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून स्त्री-पुरुषांची साखळी त्याच्याभोवती. वादकाने सूर बदलला की पाऊल बदलते. नाचणाऱ्यांची तोंडे तारप्याकडे असतात, पाठ बाहेरच्या जगाकडे. बाहेर उभ्या असलेल्याला पाहायचे असेल तर तो पाठीच पाहील. नाही तर साखळीत शिरेल. हाच नाच शहरातल्या रंगमंचावर नेला, की वर्तुळाला प्रेक्षकांच्या बाजूने उघडावे लागते, आणि त्याच क्षणी तो प्रात्यक्षिक होतो.

बोहाड्यात तर बघ्यालाच काम नेमून दिलेले आहे. होळीनंतरच्या उन्हाळ्यात मोखाडा, जव्हार आणि आसपासच्या गावांत काही रात्री हा मुखवट्यांचा उत्सव चालतो. गणपती आणि शारदेपासून सुरुवात होते. मग देव, दैत्य, पुराणातले वीर एकेक करून वस्तीतून निघतात आणि अखेरीस जगदंबेचे सोंग येते. संबळाच्या ठेक्यावर सोंग पुढे येते, मागे सरते, पुन्हा पुढे येते. जड मुखवट्यातून पुरते दिसत नाही, म्हणून पाऊल जोखूनच टाकावे लागते. गती संथ, गुडघे लवचिक, तोल खाली. ताई ची पाहून थबकणाऱ्या शहरी माणसाला ही चाल ओळखीची वाटावी, पण येथे ती विचित्र आहे असे कोणालाच वाटत नाही. दुतर्फा उभे असलेले लोक सोंगाला वाट करून देतात, हात जोडतात, दैत्य अंगावर आला की ओरडून मागे सरतात.

ही पावले कोणत्याही वर्गात शिकवली जात नाहीत. अमुक सोंग अमुक घराचे, असा रिवाज असतो, आणि त्या घरातला मुलगा वर्षानुवर्षे कडेला उभा राहून आधी वडिलांचे, मग थोरल्या भावाचे पाऊल पाहत असतो. मुखवटा त्याच्या डोक्यावर येतो तेव्हा ठेका त्याच्या पायांत केव्हाच मुरलेला असतो. हसणे तेथेही भरपूर असते. रात्र सरत आली, डोळे जड झाले, की एखादे गमतीचे सोंग गर्दीत घुसते, आणि साऱ्या रस्त्याला हसवून पुढच्या सोंगासाठी जागा मोकळी करते.