पिस्तुलाची मूठ हाताला बसली तरच नेम बसतो

परतवाडा : कुऱ्हाडीचा दांडा हाताला बसला नाही तर घाव चुकतो अन् तळहाताला फोड येतात. नेमबाजीच्या पिस्तुलाचेही तसेच आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले. हा प्रकार एकाच हाताने खेळतात, म्हणून मुठीला महत्त्व.

मूठ लहान, मध्यम, मोठ्या मापात मिळते. डावखुऱ्यांची वेगळी असते. निवडताना प्रशिक्षकासमोर रिकामे पिस्तूल लक्ष्याकडे धरा. डोळे मिटून हात उचला, मग डोळे उघडा. मनगट न वळवता पुढचा-मागचा साइट एका रेषेत दिसला तर मूठ जमली. तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर आले पाहिजे. मूठ जाड असेल तर बोट पुरत नाही, बारीक असेल तर पिस्तूल हातात फिरते.

लाकडी मूठ टोचते तिथे कानशीने थोडी-थोडी घासता येते, खोलगट जागी पुट्टी भरता येते. पण नियमाने मनगट मोकळेच हवे. हाताला वेढणारी मूठ स्पर्धेत चालत नाही.

पोरांचा हात वाढता असतो. म्हणून आधी क्लबच्या पिस्तुलावर माप पाहा, मगच पैसे घाला.