बैल गाडीच्या मागे

शर्यतीच्या मोटारींचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. सगळे श्रेय चालकाला, उरलेसुरले इंजिनाला. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचे जे भांडे असते, आपले गॅरेजवाले ज्याला चेंबर म्हणतात, त्याचे कोणी नावही काढत नाही!

१९४६ साली इंग्लंडमधल्या सर्बिटनला चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांनी दोन फियाट टोपोलिनोंचे पुढचे भाग एकमेकांना जोडून एक छोटी शर्यतीची गाडी बनवली. इंजिन मोटरसायकलचे, ५०० सीसीचे. साखळीने मागची चाके फिरवायची, म्हणून इंजिन त्यांच्याजवळ, चालकाच्या पाठीमागे बसवले. यात कसला सिद्धांत नव्हता, निव्वळ सोय होती. पण त्यामुळे पुढून मागे जाणारा लांब दांडा गेला, चालक खाली बसू लागला, वजन घटले. एन्झो फेरारी म्हणे सांगत असत की बैल गाडीच्या पुढेच असतो. १९५८ साली अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉसने दोन लिटरहूनही लहान इंजिनाच्या कूपरमधून फेरारींना मागे टाकले. १९५९ आणि १९६० ची विश्वविजेतेपदे जॅक ब्रॅभमने कूपरमधूनच मिळवली. १९६१ मध्ये फेरारींचाही बैल मागे गेला.

आता चेंबर. वेगात वळण घेताना त्यातले तेल एका बाजूला चढते, पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि क्षणात बेअरिंग जळते. शिवाय खोल चेंबर म्हणजे इंजिन तेवढे उंच बसवणे आले. उपाय असा, की खाली साचणारे तेल दुसऱ्या पंपाने लगेच उपसून वेगळ्या टाकीत न्यायचे. १९५३ च्या पोर्श ५५० मध्ये हेच होते. आडवे पसरट इंजिन, चालकाच्या मागे, तेलाची टाकी निराळी. तिचीच पुढची आवृत्ती ५५०ए. दीड लिटरच्या त्या गाडीने १९५६ साली सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ जिंकली. मला विचाराल तर निम्मे श्रेय त्या टाकीचे.

उलट उदाहरण लॅम्बोर्गिनी मिउराचे, १९६६ चे. बारा सिलिंडरचे इंजिन मागे आडवे बसवायचे, जागा कमी. म्हणून मिनीसारखे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना एकच तेल दिले. दिसायला देखणी गाडी, पण गिअरांचा झिजलेला कीस त्याच तेलातून इंजिनात फिरायचा. दोन्ही तेले वेगळी केली ती अगदी शेवटच्या काही एसव्ही गाड्यांत.